ओव्हर म्हणेपर्यंत

माझ्या तोंडाचा पट्टा म्हसळ्याच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. मी मासळीची पाटी मांडून बसले की गिऱ्हाइकाने "कशी दिली" म्हणायचा अवकाश, माझा भाव सांगून होतो, कल्ले उघडून दाखवून होतात आणि "घे गो, तुझ्यासाठीच बाजूला ठेवलीय" हेही बोलून होतं. शेजारी सुकी मासळी विकणारी बाई म्हणते, "तू गिऱ्हाइकाचंपण तूच बोलतेस." ती चेष्टा करायची आणि मी ते कौतुक समजायची. माझा धंदाच जिभेवर चालतो. चुरूचुरू चालणारी जीभ कोणाच्या मुळावर येऊ शकते, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. ते पटवलं माझ्या लेकीने, आणि तेही अडखळत अडखळत.

मुलगी एकुलती. चारेक वर्षांची असताना अडखळायला लागली. आधी शब्दाचं पहिलं अक्षर दोनतीनदा यायचं, मग पाचसहादा. पहिलीत गेली तोवर अक्षरच येईना. तोंड उघडं, मान ताठ, डोळे माझ्यावर लावलेले आणि आवाज नाही. मग मला जे येत होतं ते मी करायची. तिचा शब्द मी पुरा करायची. "पा" म्हणाली की "पाणी? हे घे." "बा" म्हणाली की "बाबा उद्या येतील." दुकानात तिच्या वतीने मी, पाहुण्यांत मी, शाळेच्या बाईंपुढे मी. तिला बोलायला लागू नये म्हणून मी दोघींचं बोलायची. आणि वर दिवसातून पन्नास वेळा सांगायची, "हळू बोल. श्वास घे. आधी विचार कर, मग बोल."

उपाय काय कमी केले? वेखंड मधात उगाळून जिभेवर लावला. कोणी सांगितलं म्हणून तोंडात खडे ठेवून धडा वाचायला लावला. एकदा तर घरात पाहुणे बसलेले असताना ती "हो"सुद्धा म्हणेना, तेव्हा मी "बोल ना नीट!" म्हणून तिच्या गालावर चापट मारली. ती रडली नाही. मला वाटलं, बरं झालं, रडली नाही. पण त्या दिवसापासून ती बोटाने दाखवायला लागली. भूक लागली तर पोटाकडे बोट, शाळेची फी भरायची असली की चिठ्ठी पुढे. नऊ वर्षांची होईपर्यंत ती घरात दिवसाकाठी आठदहा वाक्यं बोलत असेल नसेल. कान चांगले, अक्कल चांगली, पेपरात गुण चांगले. आणि मला रोज एकच धास्ती, की ही पोर धडधाकट असून मुकी होणार.

फक्त एका वेळी ती बोलायची. त्यासाठी आमच्या घरातल्या वायरलेसचं सांगायला हवं.

आमचे हे तांडेल आहेत. स्वतःची बोट, चार खलाशी, एकदा गेले की चारपाच दिवस पाण्यावर. किनारा सुटला की मोबाइल काही कामाचा नाही, म्हणून एक वायरलेस बोटीवर आणि एक सेट आमच्या घरात, कपाटावर. दिवेलागणीला हे हाक मारतात, "घर, घर, ऐकतंय का? ओव्हर." बोलायचं असलं की माईकचं बटण दाबून धरायचं. दाबलेलं असेपर्यंत आपलं बोलणं तिकडे जातं, तिकडचं इकडे येत नाही. बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं, बटण सोडायचं, मग समोरच्याची पाळी. एक जण बोलत असताना दुसऱ्याला तोंड घालायची सोयच नाही. समोरून कोणी बटण दाबलं की आपल्या सेटची खरखर थांबते आणि एक बारीक हिरवा दिवा लागतो. आणि हे सगळं उघड्यावर. त्या चॅनेलवर जेवढ्या बोटी असतील तेवढ्या सगळ्या ऐकतात.

मुलगी रोज त्या वेळेला कपाटाखाली स्टूल ओढून बसायची. अडखळायचीच, पण बोलायची. आज काय शिकवलं, कोण पडलं, कोणाला मार बसला. मी चुलीपाशी उभी राहून ऐकायची आणि मनात म्हणायची, बापाची लाडकी आहे.

आमच्या सेटला मात्र एक खोड होती. पुष्कळदा दिवा लागायचा, खरखर थांबायची आणि आवाजच यायचा नाही. चारपाच आकडे मोजावेत एवढा वेळ नुसती शांतता, आणि मग एकदम "घर, घर". मी सेटला दोन थपडा द्यायची. मेकॅनिकला तीनदा बोलावला. तिन्ही वेळा तो म्हणाला, "वहिनी, सेट ठणठणीत हाय." तिसऱ्या वेळी मी त्याला असं फैलावर घेतलं की बिचाऱ्याने निमूट नवा माईक बसवून दिला. जुना माईक मी खणात टाकला. नव्या माईकनेही खोड गेली नाही.

मुलगी चौथीत असताना तिच्या शाळेच्या बाई एकदा मुद्दाम घरी आल्या. म्हणाल्या, खाडीपलीकडे एका दवाखान्यात दर शनिवारी वाचा सुधारणाऱ्या मॅडम बसतात, एकदा दाखवा. शनिवार म्हणजे माझा बाजार बुडणार. तरी गेले. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, तिथून रिक्षा.

मॅडम माझ्याहून वयाने लहान, साधा ड्रेस, केसांना नुसतं रबर. मला वाटलं, ही काय करणार! तिने मुलीला विचारलं, "नाव काय तुझं?" मी सांगितलं. "कितवीत आहेस?" मी म्हटलं, "चौथीत. हुशार हाय हो मॅडम, नुसतं बोलण्याचंच तेवढं." "तुला खायला काय आवडतं?" "कोळंबी," मी म्हटलं, "दुसरं काही नको हिला."

मॅडमने टेबलाचा खण उघडला आणि एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "ताई, ही चावायची नाही. तोंडात विरघळू द्यायची. विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

असा संताप आला म्हणता! बाजार बुडवून, खाडी ओलांडून मी इथे आले ती गोळ्या खायला? पण लेकीसमोर तमाशा नको म्हणून गोळी तोंडात टाकली. मॅडमने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि ती थांबली. एस.टी.ची वाट बघणारी माणसं मी बघितलीत, भरतीची वाट बघणारी बघितलीत. पण एका शब्दासाठी इतकं निवांत थांबलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. मुलीचा "को" आला, पुन्हा आला, मान ताठ झाली. माझ्या मुठीत पिशवीचे बंद आवळलेले. आणि मग ती म्हणाली, "कोंबडी."

कोंबडी! कोळणीची पोर! आणि मी इतकी वर्षं सगळ्या आल्यागेल्याला कोळंबी सांगत होते आणि रविवारच्या रविवारी तिच्या ताटात कोळंबी वाढत होते.

मग मॅडमने मला विचारलं, घरात आणखी कोणी अडखळतं का, आईकडचं, वडिलांकडचं? तोंडात गोळी होती. मी हातानेच सांगितलं, छे, कोणी नाही.

मॅडमने मुलीकडे वळून विचारलं, "सगळ्यात सोपं बोलणं कोणाशी जातं?"

"ब-ब-बाबांशी. वायरलेसवर."

"वायरलेसवरच का?"

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त-तिथे आईला मध्ये बोलता येत नाही."

मॅडमने माझ्याकडे बघितलं नाही. ते तिचे उपकारच समजते मी. कारण माझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा नव्हता. उरलेली गोळी मी तशीच गिळून टाकली.

निघताना मॅडमने स्पष्ट सांगितलं, "अडखळणं सगळं जाईल असं मी कबूल करत नाही. पण बोलणं बंद होणार नाही एवढं आपण तिघी मिळून बघू." आणि काम दिलं ते मुलीपेक्षा मलाच जास्त. रोज पाच मिनिटं तिच्याजवळ नुसतं बसायचं. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, "हळू बोल" म्हणायचं नाही, शब्द पुरा करायचा नाही. ती काय बोलली ते मात्र रोज वहीत लिहायचं. मी बारावीला बसलेली बाई, निकालाबद्दल विचारू नका. त्या वहीमुळेच मला हे लिहायची सवय लागली.

पाच मिनिटं गप्प बसायचं! कोणी मला पाच मण बर्फ उचलायला सांगितला असता तर जमला असता. पहिले दोन दिवस मी शंभरदा मध्ये बोलले. तिसऱ्या दिवशी मुलीने खणातला तो जुना, वायर तुटलेला माईक आणला आणि आमच्या दोघींच्या मध्ये पाटावर ठेवला. मला सगळं समजलं. ज्याच्या हातात माईक त्याने बोलायचं, ओव्हर म्हणेपर्यंत दुसऱ्याने तोंड मिटून बसायचं.

चार दिवस ती नुसता माईक धरून बसली. मी पदर दातांत धरून बसले. पाचव्या दिवशी संध्याकाळी चुलीवर दूध ठेवलेलं होतं, आणि नेमकी तेव्हाच ती बोलायला लागली. शाळेच्या मागे मांजर व्यायलीय, चार पिल्लं आहेत, त्यातलं एक आंधळं आहे आणि मांजर त्याला सगळ्यात आधी चाटते. एवढंच सांगायचं होतं. पण प्रत्येक शब्दाला खाचखळगे. मध्येच दूध चढायला लागलं. तिलाही दिसत होतं, मलाही दिसत होतं. ती अडली होती "आंधळं"वर. दूध काठावर आलं, उतू गेलं, चूल विझली, घरभर करपट वास. मी जागची हलले नाही. ती "ओव्हर" म्हणाली तेव्हा उठले आणि पातेलं उतरवलं. मागे वळून बघितलं तर बया हसत होती. तिला तसं हसताना मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं. त्या दिवशी वहीत मी फक्त लिहिलं, दूध गेलं.

दोनतीन महिन्यांनी मॅडमने मला नवंच खूळ सांगितलं. "ताई, आज जाताना फेरीबोटीचं तिकीट तुम्ही काढा. मुद्दाम अडखळून. लेकीला बघू दे." मी म्हटलं, त्यात काय! आगरदांड्याच्या खिडकीशी गेले. मागे सातआठ माणसं, एक मोटरसायकलवाला. "दो-दो-दो" मी सुरू केलं आणि आतला माणूस म्हणाला, "दोन ना? एक मोठं, एक लहान. चला बाई लवकर, लाइन थांबलीय." टराटरा दोन तिकिटं फाडून पुढे. मागे कोणी तरी फिस्सकन हसलं. एका बाईने "च्च" केलं. माझे कान तापले, बगला घामाने भिजल्या. त्या माणसाने बरोबर ओळखलं होतं. मला एक मोठं, एक लहानच हवं होतं. तरी ती तिकिटं त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. आणि मी ऐकते थोडीच? "अरे, माझं बोलणं पुरं तर होऊ दे! तुला कुठे आग विझवायला जायचंय?" हे मात्र एका दमात, न अडखळता बोलले. तो आ वासून बघतच राहिला.

बोटीवर कठड्याला टेकून लेक पोट धरधरून हसत होती. हसून झाल्यावर विचारलं, "आई, त-तुला राग आला?"

"येणारच! न बोलताच पुढे ढकलतो मेला!"

"म-मला रोज येतो," ती म्हणाली.

ती हे रागाने बोलली नाही. सहज सांगितलं, आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्यानंतर बदल दिसायला लागला. अडखळणं अगदी गेलं, असं नाही. आजही अडखळते. शब्दाच्या सुरुवातीला श्वास सोडत हळूच शिरायचं, वाक्य तोडून तोडून बोलायचं, हे तिला मॅडमने शिकवलं. ते जमतं तेव्हा जमतं, नाही तेव्हा नाही. पण अडली तर ती आता मान खाली घालत नाही. समोरच्याकडे बघत थांबते, तू थांब, मी येतेय, अशी. दुकानात स्वतः जाते. आत्याला फोन लावते. आणि भांडते! माझ्या आमटीला मीठ जास्त आहे, मी तिच्या मैत्रिणीसमोर मोठ्याने बोलते, मी तिची गोष्ट शेजारणीला सांगितली, सगळ्या तक्रारी. इतक्या वर्षांचा साठा असणार. मी ऐकून घेते आणि देवाचे आभार मानते. कुठल्या आईने शिव्या खाऊन देवाला नारळ ठेवला असेल? मी ठेवला.

खोटं कशाला बोलू, एकदा लागलंही. एका हळदीच्या कार्यक्रमात कोणी तरी तिला विचारलं, कितवीत आहेस. ती अडली, माझं तोंड आपोआप उघडलं, आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला. "आई, माझं ओव्हर झालं न्हाय." बायका हसल्या, मीही हसले. पण घरी येऊन जरा वेळ मोरीत उभी राहून रडले. इतकी वर्षं मी तिची जीभ होते. आता तिला माझी गरज नव्हती, आणि हेच तर मी देवाकडे मागितलं होतं.

मध्येच एकदा तापातून उठल्यावर पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं. पंधरा दिवस अक्षर निघेना. मी घाबरून मॅडमला फोन केला. ती म्हणाली, "ताई, भरती-ओहोटी मी तुम्हाला सांगायची का?" तेवढ्याने मला धीर आला. पाणी कायमचं गेलेलं आम्ही कधी बघितलेलं नाही.

आता यांचं सांगते. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते. बोट वर ओढलेली, हे घरी, ओटीवर जाळं विणत बसलेले. मुलगी तुटका माईक घेऊन त्यांच्यापुढे बसायची, "ब-बाबा, तुमची पाळी." हे तिच्या डोक्यावर हात ठेवायचे, हसायचे आणि काही तरी निमित्त काढून उठून जायचे. मी चिडायची. "अहो, पोर एवढं करतेय, दोन शब्द बोलायला काय जातं?" मॅडमने बोलावलं म्हणून एका शनिवारी यांना धक्क्यापर्यंत नेलं. तिथे यांना बोटीच्या रंगाचं आठवलं आणि तिथूनच मागे फिरले. मी मुलीला घेऊन तशीच पुढे, वाटभर तणतणत गेले.

मॅडमने तणतण ऐकून घेतली. मग म्हणाली, "ताई, पहिल्या दिवशी विचारलं होतं ते परत विचारते. घरात आणखी कोणी अडखळतं?"

या वेळी तोंडात गोळी नव्हती. "न्हाय म्हटलं ना. आमच्याकडे कोणी न्हाय."

"बाबा," मुलगी म्हणाली.

मला हसूच आलं. "अगं, बाबा अबोल हायत. अबोल वेगळं."

"आई, सेट ब-बिघडलेला न्हाय." ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा सुरू झाली. "दिवा लागतो आणि आवाज येत न्हाय ना, तेव्हा बाबा अडकलेले असतात. बटण द-दाबून. मी मोजते. कधी सहा, कधी नऊ."

"तुला काय माहीत?"

"मीपण तशीच दाबून थांबते."

परतीच्या बोटीत मी दीड तपाचा संसार उलटा आठवत होते. हॉटेलात गेलो की हे म्हणायचे, "हिला आणाल तेच." मच्छीमार सोसायटीच्या सभेत यांच्या वतीने मी. पाहुण्यांत मी. मी जगाला हौसेने सांगायची, आमचे हे गरीब, तोंडातून शब्द नाही. आणि मुलीचं नाव? आत्याने बारशाला ठेवलेलं नाव जीभ दातांना टेकवून म्हणावं लागतं. लेकीलाही स्वतःचं नाव तसंच जड. हे तिला "पोरी" म्हणायचे. अकरा वर्षांत यांच्या तोंडून तिचं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही, हे मला त्या दिवशी, फेरीबोटीत, पहिल्यांदा कळलं. मी ते लाड समजत होते.

घरी आले तेव्हा हे ओटीवर जाळं विणत होते. मी काही विचारलं नाही. तुटका माईक आणून यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसले. मुलगी दारात उभी. यांनी माईककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, विणायची सुई खाली ठेवली. मग माईक उचलला.

यांनी शाळेचं सांगितलं. मास्तर हजेरी घ्यायचे, तेव्हा यांना "हजर" म्हणता यायचं नाही. मास्तर दोन पळं थांबायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. बाकावर बसलेला पोरगा आणि वहीत गैरहजर. पाचवीत हे शाळा सोडून बोटीवर गेले. बोटीवर हातवाऱ्याने भागतं. एवढं सांगायला यांना भात निवेपर्यंतचा वेळ लागला. एकेक शब्द घामाने भिजून बाहेर येत होता. "हजर"वर तर असे अडले, की मला वाटलं आता श्वास कोंडतो. मी माझ्या मांडीचं मांस मुठीत धरून बसले होते, पण शब्द पुरा केला नाही.

मग म्हणाले, "तुला ब-बघायला आलो, तेव्हा सगळं तूच बोललीस. मला ब-बरं वाटलं. म्हटलं, हिच्या घरात मला बोलावं लागायचं न्हाय." जरा थांबून म्हणाले, "तुझे लय उपकार हायत. ओव्हर."

जिभेच्या ज्या खोडीने लेकीचा जीव गुदमरला, तिच्याच आडोशाला नवरा सुखाने राहिला होता. आता याला मी चूक म्हणू की पुण्य? मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. हे मॅडमकडे गेले नाहीत. वय झालं म्हणाले. मीही पाठ धरली नाही. पण राहिलेला महिनाभर रोज संध्याकाळी त्या माईकची पाळी तिघांत फिरत होती.

बंदी उठली, बोटी पाण्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी आणि मुलगी सेटखाली बसलो होतो. खरखर चालू होती. मग ती थांबली. हिरवा दिवा लागला.

आवाज नाही. पूर्वीची मी असते तर एव्हाना सेटला दोन थपडा बसल्या असत्या. मुलगी बोटांवर मोजत होती. पाच. सहा. सात. मला वाटलं आता येणार, "घर, घर." आठ. नऊ. दहा. आणि सेटमधून तिच्या नावाचं पहिलं अक्षर आलं. एकदा, दोनदा, तीनदा. पुन्हा शांतता. दिवा तसाच. मी देवाला सांगत होते, बटण सुटू देऊ नको. त्या वेळी चॅनेलवर श्रीवर्धनपासून मुरुडपर्यंतच्या बोटी असतात. बालपणापासून जे यांनी झाकून ठेवलं, ते सगळा दर्या ऐकत होता, आणि मध्ये कोणाला बोलता येत नव्हतं. मग नाव आलं, तुटत तुटत, पण पुरं. आणि पाठोपाठ, "ऐकतेस का? ओव्हर."

मुलीने माईक घेतला. "ऐकतेय, ब-बाबा." आणि बटण न सोडताच माईक माझ्या तोंडापुढे धरला. म्हणजे आता मी बोलायचं.

मी तोंड उघडलं. आख्ख्या बाजाराला पुरून उरणारी मी, आणि गळ्यातून आवाज फुटेना. डोळ्यांतून पाणी चाललेलं, ओठ हलतायत, शब्द नाही. तिकडे बोटीवर यांच्या सेटची खरखर थांबली असेल, हिरवा दिवा लागला असेल. हे थांबले. मुलगी बटण दाबून धरून, माझ्याकडे बघत, थांबली. माझा शब्द कोणी पुरा केला नाही.